यादीतून माझं नाव काढा

(अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना बरंच पाल्हाळ लावलं होतं, त्यातलं थोडं कापलंय. सगळं नाही.)

नमस्कार मंडळी. मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? येत असेल तर जरा गप्पा थांबवा, वडे अजून तळायचेत, कुठे पळून जात नाहीयेत.

कमिटीने मला विषय दिला होता, "तरुण पिढीला मंडळाकडे कसं आणावं". मी हो म्हटलं, बारा स्लाइड्स केल्या, एका स्लाइडवर तर उड्या मारणारी पोरं पण आहेत. आणि गेल्या गुरुवारी रात्री आमच्या फ्रिजवर एक कागद लागला. आपण गणपतीत वाटलेलं ते मोरयाचं मॅग्नेट आहे ना, त्याच मॅग्नेटखाली. टाइप केलेला, खाली सही, तारीख. इंग्लिशमध्ये होता, मी मराठीत सांगते: "सर्व संबंधितांस कळावे की ज्या संस्थेत मी स्वतःहून सामील झालेले नाही अशा कुठल्याही संस्थेची सभासद मला समजण्यात येऊ नये." आणि त्याच्याखाली पेनने, "फॅमिली मेंबरशिपमध्ये तीनच जण धरा. फी तेवढीच राहते हे मला माहीत आहे."

आमची धाकटी. सतरा वर्षांची. बारावीत.

पहिला विचार काय आला सांगू का? ड्राफ्टिंग चांगलं केलंय. आणि दुसरा, की ही लेझीमच्या दुसऱ्या रांगेत आहे, आता ऐनवेळी जोडी कुणाबरोबर लावायची. लेझीममध्ये तिचं नाव मीच घातलं होतं, परस्पर, ऑगस्टमध्ये. विचारलं नव्हतं. आपण विचारतो का हो कधी? मुलांची नावं आपण बारशाला ठेवतो आणि मग कार्यक्रमात घालत राहतो.

गॅसवर अनारसे होते. पहिला घाणा हसला, म्हणजे तुपात सुटून पसरला, दुसरा हसला, पीठ एक दिवस आधी काढलं होतं म्हणून की माझं लक्ष नव्हतं म्हणून ते देव जाणे, पण तुपात अनारसे हसतायत आणि ओट्यापाशी आम्ही दोघी भांडतोय असं ते दृश्य. आमचे हे हॉलमध्ये आवाज बंद करून क्रिकेट बघत होते. म्हणजे ऐकत होते.

नंतर कळलं की ते वाक्य तिचं नाहीच. थोरो ह्या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन लेखकाचं आहे. शाळेत चालू आहे त्यांना. म्हणजे बघा, आपली मुलं बंड केलं तरी होमवर्कमधूनच करणार.

आता थोरो म्हणजे कोण हे मी इथे जास्त सांगायला नको, आपण त्याच्याच कॉनकॉर्ड गावाशेजारी राहतो. तिकडून आई-बाबा आले, पानं लाल व्हायला लागली, की आपण रूट दोनने त्याच्या वॉल्डन तळ्यावर जाणार, पार्किंग भरलेलं असणार, एक चक्कर मारून परत येणार, आणि गाडीतच दशम्या खाणार. जागा मिळालीच तर तो तळ्याकाठी ज्यात राहिला त्या खोपटाच्या प्रतिकृतीपुढे फोटो. दहा बाय पंधरा फूट. माझ्या सासूबाई आत डोकावून म्हणाल्या होत्या, "ह्यात स्वयंपाकघर कुठंय?" तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. त्या प्रश्नाकडे मी परत येणार आहे.

तर थोरोच्या त्या वाक्याची भानगड अशी होती. ज्या चर्चला ह्याचे वडील जायचे, हा कधीच जायचा नाही, त्या चर्चच्या पाद्र्यासाठी ह्याच्याकडे पट्टी मागितली. भर, नाहीतर तुरुंगात जा. फॅमिली मेंबरशिपच झाली की. ह्याने भरली नाही, दुसऱ्या कुणीतरी भरून टाकली, आणि ह्याने टाऊन क्लार्कला लिहून दिलं, ते फ्रिजवरचं वाक्य. मजा पुढे आहे. तो म्हणतो की मी कधीही सही न करता ज्या ज्या संस्थांत धरला गेलोय त्या सगळ्यांतून एकेक नाव घेऊन बाहेर पडलो असतो, पण त्यांची पूर्ण यादी कुठे मिळते ते मला सापडेना. मी माझा फोन काढून बघितला. मंडळाचे ग्रुप चौदा. त्यात "फायनल व्हॉलंटियर्स", "फायनल व्हॉलंटियर्स नवीन" आणि "फक्त अ‍ॅडमिन" असे तीन वेगळे. मी कशातही स्वतःहून शिरलेली नाही, मला कुणीतरी अ‍ॅड केलंय. आणि मीही तुमच्यापैकी अर्ध्यांना केलंय. माफ करा.

मग मी ते वाचायला लागले, भांडणात मुद्दे हवेत म्हणून. चार जुलै १८४५ ला तो तळ्याकाठी राहायला गेला, ६ सप्टेंबर १८४७ ला परत आला. दोन वर्षं, दोन महिने, दोन दिवस. खोपटाचा खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट, पै-पैचा हिशोब लिहिलाय, खिळ्यांसकट, आपल्या खजिनदारांनी बघावा असा. जमीन मात्र एमर्सनची, त्याच्या लेखक मित्राची. आणि गावापासून किती लांब? दीड मैल. डेक्कनवरून निघालात तर स्वारगेटसुद्धा येत नाही. बाजूने रेल्वे जाते, तेव्हाही जायची, आजही नॉर्थ स्टेशनवरून सुटलेली गाडी तिथूनच जाते. मी लेकीला म्हटलं, हा कसला वनवास, हा तर चालत आईकडे जेवायला जायचा! ती शांतपणे म्हणाली, "तो लपवत नाही आई, त्यानेच लिहिलंय की मी बाहेर जेवायचो."

घरात तीन खुर्च्या होत्या त्याच्या. एक एकांतासाठी, दोन मैत्रीसाठी, तीन समाजासाठी. आणि तरी त्या एवढ्याशा खोलीत एकदम पंचवीस-तीस माणसं मावली होती म्हणतो. हे वाचून मला डोंबिवलीची आमची दीड खोली आठवली, मंगळागौरीची.

आणि हे ऐका. ह्याची आई, बहिणी, आत्या ह्या सगळ्या कॉनकॉर्डच्या बायकांच्या गुलामगिरीविरोधी संस्थेत. चक्क महिला मंडळ, १८३७ पासूनचं. हा स्वतः कुठल्याच संस्थेचा सभासद होईना. पण १ ऑगस्ट १८४६ ला त्या मंडळाचा मेळावा झाला कुठे, तर ह्याच्या खोपटाच्या दारात! वेस्ट इंडीजमधले गुलाम मुक्त झाले त्याचा वाढदिवस. म्हणजे सभासद व्हायचं नाही, पण हॉल द्यायचा. आपल्याकडे असे चार तरी लोक आहेत, नावं घेत नाही, त्यांच्या बेसमेंटवरच मंडळ चाललंय.

त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी तो एक रात्र तुरुंगात होता. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते पण त्यातला बूट माहीत नसतो. तो गावात दुरुस्तीला टाकलेला बूट आणायला आला होता, आणि पोल टॅक्स, म्हणजे डोईपट्टी, कित्येक वर्षं भरला नाही म्हणून धरला. भरला नाही कारण हे सरकार माणसांना गुलाम ठेवतंय आणि मेक्सिकोवर लढाई करतंय. दुसऱ्या दिवशी सोडला, कारण कुणीतरी पैसे भरले, बहुतेक आत्याने. आत्याच ती, राहवणार आहे का! मग हा काय करतो, चांभाराकडून बूट घेतो, घालतो, आणि मंडळींबरोबर डोंगरावर हकलबेरी वेचायला जातो. आपल्याकडची करवंदंच समजा. त्या एका रात्रीवरचा निबंध १८४९ ला छापून आला, आणि पुढे गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत तो वाचून १९०७ मध्ये आपल्या पेपरात त्यातलं छापलं. एक बूट किती लांब गेला बघा.

थोरो, एमर्सन ह्या लोकांना ट्रान्सेंडेंटलिस्ट म्हणतात, आणि गंमत म्हणजे त्यांचंही मंडळ होतं! १८३६ साली बॉस्टनकडे सुरू झालं, एकमेकांच्या घरी जमायचे, चारेक वर्षांत थंडावलं. ज्यांचं म्हणणंच हे की माणसाने आपल्या आतला आवाज ऐकावा, त्यांच्या मीटिंगमध्ये मिनिट्स कोण लिहीत असेल? एमर्सन म्हणायचा की समाज म्हणजे भागीदारीतली कंपनी आहे, प्रत्येकाची भाकरी पक्की व्हावी म्हणून सगळे मिळून खाणाऱ्याचं स्वातंत्र्य सोडून देतात. हे वाक्य मी दोनदा वाचलं. आपल्याकडे शंभर टक्के लागू आहे, फक्त भाकरीच्या जागी केटरिंग.

आणि गीता. तो तिथे तळ्याकाठी गीता वाचायचा, विल्किन्सने केलेलं १७८५ चं इंग्लिश भाषांतर. लेक म्हणते, "आई, ह्याने गीता वाचली होती. तू वाचलीयेस?" मी म्हटलं बारावा आणि पंधरावा अध्याय तोंडपाठ आहे, शाळेत बक्षीस मिळालंय, स्टीलचा पेला, अजून आहे. "मग पंधराव्यात काय आहे?" मी म्हटलं, अनारसे जळतायत.

त्याच्या तळ्याचा बर्फसुद्धा, १८४६-४७ च्या हिवाळ्यात शंभर आयरिश मजूर येऊन कापत होते, आणि हा मनात म्हणतोय की मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे घामेजलेले लोक आता माझ्या विहिरीचं पाणी पिणार. तेव्हा मुंबईकरांनो, आपले संबंध जुने आहेत.

आता सासूबाईंचा प्रश्न. स्वयंपाकघर कुठंय. तुकोबा भंडाऱ्यावर जाऊन बसायचे, वृक्षवल्ली आम्हां सोयरीं, आपण किती सुंदर गातो, मागच्या आषाढीला तर मी रडले होते. पण डोंगरावर भाकरी घेऊन कोण चढायचं? आवली. पायात काटा मोडला ती गोष्ट आपल्याला लहानपणी सांगितली, काटा काढायला स्वतः पांडुरंग आला म्हणून सांगितली, भाकरी कुणी थापली हा मुद्दाच नव्हता. आणि इथे पलीकडेच फ्रूटलँड्स आहे, आता म्युझियम आहे, जाऊन या. १८४३ ला ह्यांच्यातल्याच ब्रॉन्सन अल्कॉट आणि मित्रांनी तिथे आदर्श वस्ती काढली. दूध नाही, अंडं नाही, चहा-कॉफी नाही, कापूस गुलामांच्या श्रमाचा म्हणून सुती कपडा नाही, लोकर मेंढीची म्हणून ती नाही. विचार थोर, त्यात शंका नाही. पण पीक कापायच्या वेळेला पुरुष मंडळी कुठे, तर गावोगाव विचार मांडायला गेलेली! वादळ आलं, आणि अल्कॉटच्या बायकोने आणि मुलांनी चादरींत भरभरून सातू आत आणला. त्यातलीच एक मुलगी लुइझा, 'लिटल विमेन' कादंबरी लिहिणारी ती, तेव्हा दहा वर्षांची होती, तिने पुढे लिहून ठेवलंय सगळं, चांगलं खवचट. सात महिन्यांत वस्ती संपली. मी हे वाचून इतकी हसले की हे टीव्ही सोडून विचारायला आले काय झालं. मी म्हटलं काही नाही, आपल्या कार्यकारिणीचा इतिहास वाचतेय.

हसू नका अध्यक्ष, खुर्च्या मांडायला सकाळी किती जण होते मला माहीत आहे.

तर मला वाटलं मुद्दा जिंकले. मी लेकीला म्हटलं, बघ, तुझ्या त्या एकट्या राहणाऱ्यांच्या मागे कुणीतरी बाई डबा घेऊन उभी असते, ती मी आहे, आणि मला मदत लागते, शनिवारी लेझीमला ये. त्यावर ती जे बोलली ते तेव्हापासून जात नाहीये डोक्यातून.

तुम्हाला माहितीये मी ही गोष्ट किती वेळा सांगितलीये, इथेच, ह्याच माइकवर, महिला दिनाला. की मी सोळा वर्षांची असताना आजीला सांगितलं, मी चार दिवस बाजूला बसणार नाही. आजी तीन आठवडे माझ्या हातचं पाणी प्यायली नाही. बाबांनी पेपरमधून डोकं वर काढलं नाही. मी बसले नाही म्हणजे नाही. टाळ्या घेतल्यात मी ह्याच्यावर. तर लेक म्हणाली, "तू केलंस तर ते बंड आणि मी केलं तर नखरे?" मी म्हटलं अगं ते वेगळं होतं, तो अन्याय होता, हे लेझीम आहे. ती म्हणाली, "तुला कोणी सांगितलं की हे लेझीमचं आहे?"

आणि मग तिने डब्याचं सांगितलं.

ऑक्टोबरमधली प्रॅक्टिस, रविवारची. एक नवीन कुटुंब आलं होतं, त्या बाई मुलीला घेऊन पहिल्यांदाच आल्या होत्या. आपण नेहमीसारखं स्वागत केलं. नाव विचारलं. आडनाव विचारलं. आडनावावरून काही लागेना म्हणून गाव विचारलं. गावावरून लागेना म्हणून "म्हणजे तिकडे तुमच्याकडे कुणाचं काय करतात, कुलदैवत कोणतं" असं करत करत शेवटी लागलं. लागल्यावर आपला आवाज कसा होतो तुम्हाला माहितीये. जास्तच गोड होतो. त्या बाईंनी डबा आणला होता, पिवळ्या झाकणाचा. मासवड्या. कुणीतरी विचारलं नॉनव्हेज आहे का, त्या म्हणाल्या नाही हो, बेसनाच्या, आत तीळ-खोबरं. मग तो डबा ओट्यावर ठेवला. बाकीचे डबे उघडले. ढोकळा संपला, पटेलच्या दुकानातून आणलेल्या, ओल्या पुठ्ठ्यासारख्या कचोऱ्या संपल्या. तो डबा कुणी उघडला नाही. कुणी काही म्हणालं नाही हं, अजिबात नाही, भांडण नाही, अपमान नाही. फक्त उघडला नाही. चहा झाला, मुलींनी लेझीम खेळली, त्या बाई लवकर निघाल्या, आणि डबा राहिला.

लेक म्हणाली, "मी बघत होते. तू पण बघत होतीस."

बघत होते मी. मी चहा ढवळत होते. साखर केव्हाच विरघळली होती, तरी ढवळत होते. आणि माझ्या मनात काय होतं ते इथे सांगते, कारण हे मी लिहून आणलंय आणि आता कागदावरून पुसता येत नाही. मनात होतं की आता कुणी काही बोलायला नको, कशाला विषय, पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे. सोळाव्या वर्षी आजीसमोर उभी राहिलेली मी. आजीचा अन्याय माझ्यावर होता म्हणून दिसला होता की काय कोण जाणे.

थोरोचं एक म्हणणं आहे, की जगातला प्रत्येक अन्याय खोडून काढायला तू जन्माला आला नाहीस, तुला दुसरी कामं असतील, ठीक आहे, पण निदान एवढं बघ की तू ती कामं दुसऱ्याच्या खांद्यावर बसून करत नाहीस ना. आणि आपण तर त्याच्या आधी दोनशे वर्षं ऐकत आलोय, सत्य असत्याशी मन केलें ग्वाही, मानियेलें नाहीं बहुमतां. भैरवीला म्हणतो आपण हे. सगळे मिळून, एका सुरात, बहुमताने.

मी तिला म्हटलं, बरोबर आहे तुझं, पण मग सोडून का जायचं, आत राहून बोल ना. थोरोपण आला की परत. तळं सोडलं तेव्हा म्हणाला की मी ज्या चांगल्या कारणाने आलो तितक्याच चांगल्या कारणाने निघालो, मला अजून बरीच आयुष्यं जगायचीयेत. आणि आला तो कुठे, तर थेट एमर्सनच्या घरी, एमर्सन युरोपला जाणार होता म्हणून त्याची पोरंबाळं सांभाळायला. पुढे १८५९ मध्ये गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणारा जॉन ब्राऊन पकडला गेला तेव्हा ह्याने गावात निरोप धाडला की मी बोलणार आहे. लोकांनी कळवलं, इतक्यात नको, घाई होईल. हा म्हणाला, मी तुमचा सल्ला विचारला नव्हता, मी बोलणार आहे एवढं कळवलं होतं. म्हणजे गावातच राहून बोलला. हे मी लेकीला अगदी विजयी चेहऱ्याने सांगितलं.

ती म्हणाली, "बावीस वर्षं तू आत आहेस. काय बोललीस?"

मंडळी, माझ्या बारा स्लाइड्स आहेत त्या लॅपटॉपवर, मी दाखवत नाहीये. ज्यांना हवी त्यांना उड्या मारणारी पोरं फॉरवर्ड करीन.

तुम्हाला राग आला असेल काही जणांना. त्या दिवशी तिथे कोण कोण होतं हे मी सांगणार नाही, आणि तुम्ही पण जेवताना शोधायला लागू नका, आपल्याला तेवढंच येतं. मला भीती वेगळीच आहे. मला वाटतं पोरगी बरोबर आहे आणि तरी मला ती जायला नकोय. ती कॉलेजला जाईल पुढच्या वर्षी, तिथे तिला कोण मराठीत हाक मारणार? आज कागद चिकटवला तो निदान माझ्याच फ्रिजवर, माझ्याशी भांडायला. पुढे भांडायला पण नाही आली तर? आणि दुसरीकडे असंही वाटतं की ती आत राहिली, माझ्यासारखी हळूहळू चहा ढवळायला शिकली, तर ते जास्त वाईट. ह्यातलं कुठलं होऊ नये म्हणून प्रार्थना करायची ते मला कळत नाहीये, आणि पंधराव्या अध्यायात असेल तर मला अर्थ माहीत नाही.

त्या बाई आज आलेल्या नाहीत. मी दोनदा फोन केला, उचलला नाही. मेसेज टाकला, निळ्या टिका झाल्या.

लेक आली आहे. आत नाही, बाहेर पार्किंगमध्ये गाडीत बसली आहे, हीटर लावून. मला म्हणाली तुझं भाषण संपलं की आपण त्यांच्याकडे जाऊ, गाडी मी चालवते, बोलायचं मात्र तू. डबा त्या दिवशी मीच घरी आणला होता. रात्री तिने एकटीने जवळजवळ सगळ्या मासवड्या खाल्ल्या, उभ्याने, ओट्यापाशी. मी एक खाल्ली. छान होत्या हो, आत लसूण सढळ होता. डबा घासून ठेवलाय, आत्ता तिच्या बाजूच्या सीटवर आहे. आपल्यात रिकामा डबा परत देत नाहीत. अनारसे तर सगळे हसले. त्यात काय घालून द्यायचं ते आमचं दोघींचं अजून ठरलेलं नाही.